उजव्या बाजूची सीट

कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळालं तेव्हा जळगावात लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, "मग आता कोणत्या कंपनीत?" मी म्हणायचे, "बघू." बघण्यासारखं काही नव्हतं. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते. सरकारी विमान कंपनीत भरती नव्हती आणि खासगी कंपन्या निघणार, निघणार असं नुसतं कानावर यायचं. माझ्यासारखे नवे पायलट, अडीचशे-एक तास उडालेले, गावोगाव घरी बसून होते. मी निदान धुळ्याला जाऊन बसत होते. तिथे शहराबाहेरच्या धावपट्टीवर आमचा लहानसा फ्लाइंग क्लब होता. पत्र्याचं हँगर, दोन सीटची दोन विमानं, त्यातलं एक कायम दुरुस्तीला. तिथेच मी शिकले होते. सोमवारी सकाळी एसटीने धुळ्याला जायचं, मावशीकडे राहायचं आणि शनिवारी जळगावला परतायचं, असं चाललं होतं.

क्लबचे मुख्य प्रशिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी त्यांनी मला हँगरच्या मागच्या सावलीत बोलावलं. हातात चहाचा ग्लास होता, पण ते पीत नव्हते.

"तू इन्स्ट्रक्टर हो," ते म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत.

"माझ्या डोळ्यात काचबिंदू निघालाय. पुढच्या मेडिकलला मी पास होणार नाही. मी गेलो की इथे शिकवायला कोणी नाही, आणि शिकवायला कोणी नसलं की क्लबला कुलूप. अर्ध्यात असलेली पोरं कुठे जातील?"

"सर, मीच अजून शिकतेय."

"म्हणूनच म्हणतोय. तुला काय कळत नव्हतं, ते तुझ्या अजून लक्षात आहे. माझ्या नाही."

मी विचार करते म्हणाले. त्यांनी मे महिना संपेपर्यंतची मुदत दिली, कारण परीक्षेची तयारी ते असेपर्यंतच करून घेता येणार होती.

विचार कसला, मला भीती वाटत होती. शिकत असताना एकदा उतरताना मी विमान फार लवकर उचललं होतं. ते धावपट्टीच्या वर माणसाच्या उंचीवर तरंगत राहिलं आणि मग दगडासारखं खाली यायला लागलं. सर उजवीकडे बसले होते. त्यांचे हात मांडीवर होते. आपटणार असं वाटलं त्या क्षणी मला स्वतःला सुचलं आणि मी पॉवर दिली. उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "बरं झालं." ते हात मांडीवर कसे राहिले, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. माझे राहिले नसते. किंवा राहिले असते आणि आम्ही दोघं मेलो असतो. दोन्हीपैकी काय झालं असतं हे मला सांगता येत नव्हतं, आणि नेमकं तेच भयंकर होतं.

घरी विषय काढला तो रविवारी, जेवताना. आमच्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. जळगावात त्यांचं मोटार शिकवण्याचं दुकान होतं. एक जुनी फियाट, तिच्या टपावर लाल रंगात 'एल', आणि डावीकडे आबांच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक आणि क्लच. शाळा सुटली की मी मागच्या सीटवर बसून दफ्तर मांडीवर घेऊन अख्खी संध्याकाळ त्या गाडीत काढायचे. पुढे कोणी ना कोणी घामाघूम होऊन स्टिअरिंगला लोंबकळलेलं असायचं, आणि आबा खिडकीबाहेर बघत असल्यासारखे बसलेले असायचे. मूळ आम्ही धरणगावकडचे. आबा गिऱ्हाइकांशी शुद्ध बोलायचे, पण घरात अहिराणीशिवाय दुसरी भाषा त्यांच्या तोंडात यायची नाही.

सरांचं म्हणणं मी सांगितलं. आबांचा हात ताटात थांबला.

"तुले इमान उडावता येस ना?"

"येस."

"मंग उडाव. शिकाडाना नादे लागू नको."

आई म्हणाली, शिकवण्याची का होईना, नोकरी तर आहे, बसून राहण्यापेक्षा बरी. आबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याशीच बोलत होते, आणि त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"मन्हा जीव दिनभर दुसराना हातमा ऱ्हास," ते म्हणाले. "तीस वरीस. बाजूले बसनारले रस्ता दिखत नही. त्याले फक्त दुसराना हात दिखतस. तुले मी यान्हाकरता शिकाडं का?"

ते उठले, हात धुतले आणि दुपारच्या उन्हात दुकानाकडे निघून गेले. रविवारी दुकान बंद असायचं.

मे महिन्यात ठरवण्याची वेळ माझ्यावर ज्यांच्यामुळे आली, ते आमच्या क्लबमधले एक शेठजी. जळगावात त्यांची डाळ मिल होती. घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या खानदेशात गेलेल्या. वय पन्नाशीच्या आसपास. हौसेने शिकायला आले आणि चिकाटीने प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळवलं. क्लबच्या कमिटीवर होते, हँगरचा निम्मा पत्रा त्यांनी घालून दिला होता. माणूस वाईट नव्हता. मला "बेटा" म्हणायचे, घरचे लाडू आणायचे. फक्त चूक दाखवलेली त्यांना खपत नसे. सरांनी दाखवलेली कशीबशी खपायची.

लायसन्स मिळाल्यावर त्यांना एकच हौस होती. धुळ्याहून स्वतः विमान चालवत जळगावच्या धावपट्टीवर उतरायचं आणि तिथे घरच्यांनी, मिलमधल्या माणसांनी उभं राहून बघायचं. दिवस ठरला. सरांनी मला सांगितलं, "तू सोबत जा. उजवीकडे बस. विमान त्यांच्या ताब्यात, कमांडर ते. तू प्रवासी. पण डोळे उघडे ठेव. आणि परत आल्यावर मला हो की नाही सांग."

निघायचं होतं उजाडताच. मे महिन्यात खानदेशात उडायचं तर सकाळच. दहा वाजले की जमीन तव्यासारखी तापते आणि हवा खालून विमानाला धक्के मारायला लागते. पण शेठजी विमानाची पूजा करून निघाले. नारळ, हळदकुंकू, पंख्याला झेंडूचा हार, मग तो हार काढणं. सगळं होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक नैऋत्येच्या वाऱ्याने ताठ झाला होता. मी म्हणाले, "शेठजी, उद्या सकाळी जाऊ या का?"

"लोग वहाँ खडे हैं, बेटा," ते म्हणाले. रागावले की ते हिंदीत जायचे.

सरांनी विंडसॉककडे पाहिलं, शेठजींकडे पाहिलं आणि म्हणाले, "जमेल. पण वळताना वाऱ्याचा विचार करा."

आम्ही उडालो. धुळं मागे पडलं. पारोळा, एरंडोल. खाली काळी रिकामी शेतं आणि मधेच एखाद्या विहिरीभोवती केळीचा हिरवा तुकडा. धक्के बसत होते. शेठजी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होते, पांढऱ्या शर्टाची पाठ ओली झाली होती. मी काहीच करत नव्हते आणि मला कधी नव्हे इतकं दमल्यासारखं झालं होतं. शिवाय एक गोष्ट मला आतून खात होती. उजव्या सीटवरून मी आयुष्यात कधी विमान उतरवलेलं नव्हतं. पायलट शिकतो तो डावीकडे बसून. उजवीकडे आलं की सगळं उलटं होतं, पॉवर डाव्या हाताला येते, धावपट्टी वेगळ्याच कोनात दिसते.

जळगावची धावपट्टी दिसली. कडेला गाड्या, रंगीत साड्या, एक शामियाना. शेठजींच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू आलं. त्यांनी खाली बोट दाखवून मला काहीतरी सांगितलं, इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

वारा नैऋत्येकडून म्हणून आम्हाला धावपट्टीच्या दक्षिणेने पुढे जाऊन, दोनदा डावीकडे वळून, पश्चिमेला तोंड करून उतरायचं होतं. पहिलं वळण बरं झालं. आता आम्ही धावपट्टीच्या रेषेकडे निघालो होतो आणि वारा मागून ढकलत होता. म्हणजे दुसरं वळण लवकर घ्यायला हवं. ते घेत नव्हते. ते लोकांकडे बघत होते.

"शेठजी, वळा."

ते वळले, पण तोवर धावपट्टीची रेष ओलांडून गेली होती. ती परत पकडायला त्यांनी विमान आणखी कलवलं. मग आणखी. खाली जातोय असं वाटलं असावं, म्हणून नाक वर ओढलं. मी वेगाच्या काट्याकडे पाहिलं. तो पडत होता.

हे वळण मला पुस्तकातून पाठ होतं. कललेलं विमान, वर ओढलेलं नाक, पडणारा वेग. मग आतल्या बाजूचा पंख अचानक खाली जातो आणि विमान गिरक्या घेत जमिनीत शिरतं. उंचावर असेल तर सावरता येतं. आमच्याखाली बाभळी होत्या. त्यांच्या फांद्या सुट्ट्या सुट्ट्या दिसत होत्या.

"नाक खाली," मी म्हणाले. "शेठजी, नाक खाली घ्या."

आता करतील, असं मला वाटलं. खरंच वाटलं. माझे हात मांडीवर होते आणि मी वाट पाहत होते. तेवढ्यात धोक्याची शिट्टी वाजायला लागली, आधी बारीक, मग किंचाळल्यासारखी, आणि विमान थरथरलं.

मी स्टिअरिंग पुढे ढकललं. ते हललं नाही. शेठजींनी ते छातीशी ओढून धरलं होतं, त्यांची बोटं पांढरी पडली होती. मी ओरडले, "सोडा!" त्यांना ऐकूच जात नव्हतं. मग मी उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं आणि डाव्या कोपराने त्यांच्या हातावर जोराने मारलं. पकड सुटली. नाक खाली गेलं, समोरची सगळी काच बाभळींनी भरली. पाय आपोआप उजव्या पेडलवर गेला, पंख सरळ झाले, मी पॉवर पूर्ण दिली आणि उरलेला सगळा वेळ, तो किती होता मला माहीत नाही, मी त्या झाडांकडे बघत राहिले आणि नाक वर घ्यायची घाई करायची नाही, एवढंच स्वतःला सांगत राहिले.

झाडं खालून गेली. शामियान्यावरून जाताना मला माणसं हात हलवताना दिसली. त्यांना वाटलं, शेठजींनी सलामी दिली.

पुरेशा उंचीवर गेल्यावर मी शेठजींकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवर पडले होते.

"तू उतरव, बेटा," ते म्हणाले.

खरं तर तेच बरोबर होतं. माझ्याकडे मोठं लायसन्स होतं. पण मी त्या उलट्या बाजूने कधी उतरले नव्हते आणि वारा आडवा होता. त्यांचे हात त्या जागेला सरावलेले होते. फक्त डोकं बंद पडलं होतं. मी मनात दोन्ही बाजू तोलून पाहिल्या आणि म्हणाले, "नाही. उतरवायचं तुम्हीच. मी बोलते. मी बोलेन तसं करा. मी हात लावला तर मात्र लगेच सोडा."

"नही होगा."

"होईल. स्टिअरिंग धरा. दोन बोटांनी. घट्ट नाही."

त्यांनी धरलं. मग मी बोलायला सुरुवात केली आणि उतरेपर्यंत थांबले नाही. आता सरळ. तसंच. आता लोकांकडे बघायचं नाही, माझ्याकडेही नाही, त्या पांढऱ्या दगडाकडे बघा. वेग सांगा मला. मोठ्याने सांगा. आता वळा, अजून थोडं, बस. चुकली रेष तरी चालेल, पुन्हा वर जाऊ, आपल्याला कुठे जायचंय? माझा आवाज इतका शांत होता की तो मला ओळखू आला नाही. पाय पेडलच्या वर अधांतरी धरून ठेवले होते, हात स्टिअरिंगपासून बोटभर अंतरावर. पोटऱ्यांत गोळे आले.

विमान एकदा आपटून उडालं. "तसंच धरा, तसंच धरा," मी म्हणाले. ते पुन्हा टेकलं आणि टेकून राहिलं.

खाली ढोल वाजत होता. शेठजींच्या गळ्यात हार पडले. कोणीतरी माझ्या हातात पेढा ठेवला. शेठजी हसत होते, सगळ्यांशी हात मिळवत होते, आणि एकदाही त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

आबा आले होते. गर्दीपासून लांब, स्कूटरला टेकून उभे होते. मी जवळ गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, चपलांकडे पाहिलं.

"तुना पाय कोठे व्हता?" त्यांनी विचारलं.

ते विमानाबद्दल काहीच जाणत नव्हते. पण लांबून त्यांना कळलं होतं की विमान एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेलं.

"उतरताना पेडलच्या वर होता आबा. टेकवला नव्हता," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. त्यांनी स्कूटर सुरू केली. मी मागे बसले. जेवण झाल्यावर ते फक्त म्हणाले, "आते तरी ऐकशी का मन्हं?" मी मान हलवली. ती हो अशी होती.

संध्याकाळी विमान धुळ्याला परत न्यायचं होतं. शेठजींनी निरोप पाठवला, त्यांना पाहुणे आहेत, मी नेलं तरी चालेल. मी डावीकडे बसून एकटीच उडाले. ऊन उतरलं होतं, हवा शांत झाली होती. गिरणेचं कोरडं पात्र उन्हात तांबूस दिसत होतं. शेजारी कोणी नाही, कोणाच्या हातांकडे बघायचं नाही. मी उगाच दोन वळणं घेतली. सकाळपासून आवळलेलं काहीतरी सुटलं आणि मला वाटलं, आबांचं खरं आहे. मला हे हवंय. मला दुसऱ्याचे हात बघत आयुष्य काढायचं नाही. धुळ्याला उतरले तेव्हा माझं नाही ठरलेलं होतं.

सर वाट पाहत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "शिट्टी वाजायच्या आधी घेतलंस की नंतर?"

"नंतर."

"उशीर केलास."

"हो. मला वाटलं ते करतील."

"वाटणारच." ते डोळे चोळत राहिले. "मलाही अजून वाटतं. ते जात नाही. मग? हो की नाही?"

"नाही, सर."

त्यांनी मान डोलावली. आग्रह केला नाही. मी मावशीकडे गेले आणि मेल्यासारखी झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींची गाडी क्लबच्या दारात उभी होती. ते सरांच्या खोलीत होते. मला आत बोलावलं. शेठजींनी शर्टाची बाही वर केली. हातावर माझ्या कोपराचा मोठा काळानिळा डाग होता.

"ही पोरगी घाबरली," ते सरांना म्हणाले, माझ्याकडे न बघता. "मी विमान सावरतच होतो. हिने मधे हात घातला, मला मारलं. माझ्या लोकांसमोर मला पुन्हा वर जावं लागलं. ही प्रवासी होती. हिला कोणी अधिकार दिला? कमिटीत विषय काढतो मी."

सरांनी शांतपणे मला विचारलं, "तू काय म्हणतेस?"

"शिट्टी वाजत होती," मी म्हणाले. "मी दोनदा सांगितलं. स्टिअरिंग तुमच्या छातीशी होतं, शेठजी. झाडं तुम्ही पाहिली नाहीत, मी पाहिली."

"मी सावरतच होतो." आवाज चढला होता, पण डोळे कुठे ठरत नव्हते. मग ते उठता उठता म्हणाले, "ते जाऊ द्या. येत्या रविवारी नातवाला घेऊन उडायचंय. विमान तयार ठेवायला सांगा. आणि सोबत कोणी नको."

नातू चार वर्षांचा होता. कालच मी त्याला शामियान्यात पाहिलं होतं, आजीच्या कडेवर, हातात कागदाचं विमान.

"नाही," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्ही त्या वळणाचा सराव केल्याशिवाय त्याला नेऊ नका. वर जाऊन, भरपूर उंचीवर, ते वळण चुकलं की काय होतं ते एकदा बघा. मग न्या. सर, यांना विमान देऊ नका."

"आणि हा सराव कोण करून घेणार?" शेठजी सरांना म्हणाले. "तुमचे डोळे तर गेले."

सर माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं होतं, हे मला आज कळतं. मला शेठजींचा राग आला होता, इतका की त्यांच्याबरोबर पुन्हा त्या चिंचोळ्या केबिनमध्ये बसायचा विचारही नकोसा वाटत होता. पण ते माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे जाणार नव्हते, कारण दुसरं कोणी नव्हतंच. आणि एखाद्या सकाळी, पूजा आटोपून, ते त्या पोराला शेजारी बसवून जळगावला जाणार होते.

"मी करून घेईन," मी म्हणाले. "मला परीक्षा पास होऊ द्या. तोवर थांबा."

शेठजी निघून गेले. सर म्हणाले, "रविवारी विमान दुरुस्तीला आहे. तुझी परीक्षा होईपर्यंत त्यांच्यासाठी ते दुरुस्तीलाच राहील." मग कपाटातून त्यांनी शिकवण्याची जुनी पुस्तकं काढली.

आबांना मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. त्या पावसाळ्यात मी शनिवारी घरी गेले की ते जेवायच्या वेळेपर्यंत दुकानात बसून राहायचे. आई जेवायला वाढायची आणि आमच्या दोघांच्या मधे बोलत राहायची.

तयारी कठीण होती. सर डावीकडे बसून नवशिक्याचं सोंग करायचे आणि मुद्दाम चुका करायचे, कधी धोक्याच्या, कधी साध्या, आणि मी कधी हात घालते ते बघायचे. लवकर घातला तर म्हणायचे, "त्याला शिकू दिलं नाहीस." उशिरा घातला तर काहीच म्हणायचे नाहीत. नुसते माझ्याकडे बघायचे. महिनाभर मी अन्न नीट खाल्लं नाही. परीक्षा घ्यायला बाहेरगावहून आलेले अधिकारी चिडखोर होते, दोन उड्डाणं झाल्यावर त्यांनी सही केली आणि चहा न घेता गेले. दसऱ्यापर्यंत सरांचं मेडिकल संपलं आणि क्लबमध्ये शिकवणारी मी एकटी उरले.

शेठजी दिवाळीनंतर आले. लाडू आणले नव्हते. "चला," एवढंच म्हणाले.

मी त्यांना धुळ्याच्या वर इतक्या उंचीवर नेलं की खालचे रस्ते धाग्यासारखे दिसत होते. मी म्हणाले, "आता ते वळण घ्या. तसंच, जसं त्या दिवशी घेतलं. मी हात लावणार नाही." त्यांनी विमान कलवलं, नाक ओढलं. शिट्टी वाजली. ते ओढत राहिले, मला दाखवून देण्यासाठीच. मग डावा पंख एकदम खाली गेला, आकाश निघून गेलं आणि काचेत नुसती जमीन गरगरायला लागली. मी सावरलं तेव्हा आमची निम्मी उंची गेलेली होती.

"त्या दिवशी एवढी उंची आपल्याकडे नव्हती," मी म्हणाले.

उतरल्यावर ते बराच वेळ आपल्या गाडीत बसून राहिले. ड्रायव्हर बाहेर उभा होता. माफी त्यांनी मागितली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. पण दुसऱ्या दिवशी ते आले, त्याच्या पुढच्या दिवशीही आले. थंडीभर आम्ही ते वळण घेतलं, बरोबर घेईपर्यंत.

उन्हाळा लागायच्या आत एका गार सकाळी त्यांनी जळगावला नातवाला नेलं. मला त्यांनी सोबत बोलावलं नाही, आणि मी म्हणाले असते तरी घेतलं नसतं. मी जळगावला धावपट्टीच्या कडेला त्यांच्या सुनेच्या शेजारी उभी होते. आबा आले होते, न सांगता, आणि स्कूटरला न टेकता माझ्याजवळ येऊन उभे राहिले. विमान धावपट्टीच्या रेषेकडे यायला लागलं. सून मला विचारत होती, "काही होणार नाही ना, ताई?" मी विमानावरची नजर हलवली नाही.

शेठजी वेळेवर वळले. थोडे आधीच.

आबा माझ्याकडे वळले. "तू शिकाडं हाई?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते आणखी काही म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले, "घर चाल. तुन्ही मायनी भाकरी करेल शे."

चार वर्षं मी धुळ्याला शिकवलं. मग खासगी कंपन्या खरोखरच निघाल्या, मला नोकरी लागली आणि मी मोठी विमानं उडवायला गेले. त्या चार वर्षांत माझ्या हातून कोणी मेलं नाही. हे मी मिरवत नाही. ज्यांच्या हातून मेले ते माझ्यापेक्षा कमी काळजी घेणारे होते असं मला वाटत नाही. आबांनी त्यांचं दुकान त्यानंतर लवकरच बंद केलं, आणि मग त्यांनी फियाटमधून तो जास्तीचा ब्रेक काढून टाकला. आईला शेजारी बसवून ते रोज संध्याकाळी मेहरुणच्या तलावापर्यंत फिरायला जायचे. आई सांगायची, आबा गाडी फार जोरात चालवतात.